भाता, भिंग आणि म्युनिकचा कारखाना : एका घडीच्या कॅमेऱ्याची परीक्षा

🧵 #धागा #इतिहास

१/
आज टेबलावर एक कॅमेरा आहे. बंद असताना तो मध्यम आकाराच्या डायरीएवढा दिसतो. वरचे बटण दाबले की पुढचे झाकण उघडते, आतून काळा भाता बाहेर येतो आणि त्याच्या टोकाशी भिंग ताठ उभे राहते. हा 'आग्फा इझोलेट २'. जन्म पश्चिम जर्मनीतील म्युनिक शहरात, १९५० च्या दशकात. हा आजही चालतो का, हे तपासायचे आहे. तपासताना प्रत्येक भागामागचा इतिहास उलगडत जाईल आणि शेवटी एका अशा कारखान्यापर्यंत पोहोचू, ज्याविषयी मौन पाळणे योग्य नाही.

२/
प्रथम मूळ प्रश्न : कॅमेऱ्याची घडी का घातली गेली? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक छायाचित्रे 'संपर्क' पद्धतीने छापली जात. निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून प्रकाश द्यायचा. म्हणजे निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढाच. फोटो मोठा हवा तर निगेटिव्ह मोठी हवी, निगेटिव्ह मोठी तर भिंग आणि फिल्म यांतले अंतरही मोठे. असा कॅमेरा पेटीएवढा होणार. तो खिशात कसा न्यायचा? उत्तर सोपे होते. मधली पेटी काढून टाका आणि तिच्या जागी भाता बसवा.

३/
अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १८९० च्या दशकाच्या अखेरीस खिशात मावणारे घडीचे कॅमेरे बाजारात आणले. १९०१ साली तिच्याच 'ब्राउनी क्रमांक २' या पेटी कॅमेऱ्यासाठी एक नवे रीळ आले. पुढे त्याला '१२०' हा क्रमांक मिळाला. सुमारे ६ सेंटिमीटर रुंदीची फिल्म आणि तिच्या पाठीला काळा कागद, एवढीच त्याची रचना. तेच रीळ आजही बनते. माझ्या सत्तरीतल्या कॅमेऱ्यात आज विकत घेतलेला रोल बसतो, त्याचे कारण हे. सव्वाशे वर्षे जवळजवळ न बदललेली अशी वस्तू तंत्रज्ञानाच्या इतिहासात दुर्मिळच.

४/
घडीच्या कॅमेऱ्याने इतिहासात काही विलक्षण जागा मिळवल्या. १९१२ साली आलेला 'व्हेस्ट पॉकेट कोडॅक' पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या खिशातून खंदकांत पोहोचला. १९२४ साली जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन एव्हरेस्टच्या शिखराकडे निघाले, तेव्हा त्यांच्याजवळही याच जातीचा, सहकारी हॉवर्ड सॉमरवेल यांचा कॅमेरा असल्याचे मानले जाते. दोघे परतले नाहीत. १९९९ साली मॅलरीचा देह सापडला, कॅमेरा सापडला नाही. ते शिखरावर पोहोचले होते का, याचा पुरावा कदाचित त्या लहानशा घडीत अजून बंद असेल.

५/
आता परीक्षेकडे वळू. घडीच्या जुन्या कॅमेऱ्यात चार गोष्टी तपासायच्या असतात : भाता प्रकाश रोखतो का, फोकस फिरतो का, शटर वेळ पाळते का आणि फिल्म सपाट व नेमक्या जागी बसते का. रोल घालण्यापूर्वी पहिल्या तीन गोष्टी घरीच पाहता येतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. एका रोलवर फक्त १२ चौकटी मिळतात आणि रोल, धुलाई, स्कॅनिंग यांचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशाला जाणवणारा असतो.

६/
परीक्षा पहिली : भाता. लोहाराचा भाता हवा कोंडतो, कॅमेऱ्याचा भाता अंधार कोंडतो. रात्री खोलीतले सगळे दिवे मालवले, कॅमेऱ्याची पाठ उघडली, आत लहान एलईडी टॉर्च ठेवली आणि भाता पूर्ण ताणून बाहेरून न्याहाळला. दोन मिनिटांत डोळे अंधाराला सरावले आणि घड्यांच्या कोपऱ्यांवर तीन बारीक तारे चमकू लागले. प्रत्येक तारा म्हणजे एक छिद्र. प्रत्येक छिद्र म्हणजे फिल्मवर एक धुरकट डाग.

७/
हे का होते? त्याच काळातल्या झाइस इकॉन कंपनीच्या 'इकोंटा' कॅमेऱ्यांचे भाते आजही बहुधा शाबूत सापडतात. आग्फाच्या या पिढीचे भाते मात्र कोपऱ्यांवर फुटण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, कारण त्यासाठी वापरलेले कृत्रिम कापड घडीच्या टोकांशी चिरते. इझोलेट हा मध्यमवर्गाच्या आवाक्यातला कॅमेरा होता. काटकसर कुठे झाली, ते सत्तर वर्षांनी टॉर्चच्या प्रकाशात दिसते. कायमचा उपाय नवा भाता बसवणे. तात्पुरता उपाय छिद्रांवर काळ्या कापडी रंगाचा पातळ थर. मी दुसरा मार्ग घेतला. थर जाड झाला तर घड्या नीट मिटत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

८/
परीक्षा दुसरी : फोकस. या कॅमेऱ्यात फोकस साधण्यासाठी संपूर्ण भिंग पुढेमागे होत नाही. फक्त सर्वांत पुढची काच बारीक आट्यांवर फिरते. आग्फाने त्या आट्यांत भरलेले हिरवट वंगण कालांतराने लाखेसारखे घट्ट होते. माझी कडी हलेना. येथे बळ लावणे हा मोठा धोका. जोर केला की पुढच्या काचेबरोबर मागची काचही एकत्र फिरते. कडी फिरल्याचे समाधान मिळते, पण दोन काचांतले अंतर तेच राहते आणि फोकस जागचा हलत नाही.

९/
उपाय सबुरीचा. पुढचा भाग अलग केला, लायटरमध्ये भरण्याच्या इंधनाचे काही थेंब आट्यांवर सोडले आणि किंचित ऊब दिली. हे दोन्ही एकाच वेळी कधीही करू नये. इंधन पूर्ण उडून गेल्यावर, खिडकी उघडी ठेवून, मगच हेअर ड्रायर. हाच क्रम तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी आटे सुटले. जुने वंगण पुसून नवे अगदी थोडे लावले. येथे एक नवी अडचण उभी राहते : काच पुन्हा बसवताना 'अनंत' नेमके कोठे आहे, हे कसे ठरवायचे?

१०/
त्यासाठी प्राचीन पद्धत कामाला येते. पाठ उघडून, जेथे फिल्म बसते तेथील रुळांवर दुधी प्लास्टिकचा सपाट तुकडा चिकटवला. शटर 'बी' वर उघडे ठेवले. पुण्यातल्या गच्चीवरून सिंहगडावरच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे भिंग रोखले आणि घड्याळजी वापरतात तसल्या भिंगातून त्या दुधी पडद्यावर पाहिले. मनोरा उलटा, पण रेखीव दिसेपर्यंत पुढची काच फिरवली. त्या क्षणी कडीवरील अनंताची खूण खुणेच्या रेषेशी जुळवून स्क्रू घट्ट केले. दुधी काचेवर उलटे चित्र पाहण्याची ही रीत छायाचित्रणाहूनही जुनी आहे.

११/
त्या भिंगाविषयी थोडे. माझ्या कॅमेऱ्यावर 'अपोटार' आहे : नाभीय अंतर ८५ मिलिमीटर, कमाल छिद्र एफ ४.५, काचा तीन. तीन काचांच्या या रचनेचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. १८९३ साली यॉर्क येथील टी. कुक अँड सन्स या दुर्बिणी बनवणाऱ्या संस्थेतील हॅरल्ड डेनिस टेलर यांनी तिचे पेटंट घेतले. दोन बहिर्गोल काचांमध्ये एक अंतर्गोल काच, एवढ्या मोजक्या साहित्यात त्यांनी भिंगाचे मुख्य दोष आटोक्यात आणले. जगातील असंख्य स्वस्त कॅमेऱ्यांची भिंगे याच कुळातील आहेत.

१२/
परीक्षा तिसरी : शटर. हे पाकळ्यांचे शटर भिंगाच्या पोटातच असते. माझे 'प्रोंटोर एस', जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातील काल्मबाख येथील गोटिए कारखान्याचे. वेग १ सेकंदापासून १/३०० सेकंदापर्यंत. त्याच काळातील प्रतिष्ठित प्रतिस्पर्धी 'कॉम्पुर' हे म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल यांचे. संथ वेगांसाठी शटरच्या पोटात घड्याळासारखे दातेरी चक्रांचे छोटे यंत्र असते. तेल सुकले की प्रथम तेच अडखळते.

१३/
तपासण्यासाठी आज प्रयोगशाळा लागत नाही. फोनवर सेकंदाला २४० चौकटींच्या वेगाने चित्रफीत घ्यायची, मागून प्रकाश सोडायचा आणि शटर उघडे असलेल्या चौकटी मोजायच्या. १ सेकंदासाठी २४० चौकटी हव्यात, १/१० साठी २४. माझ्या शटरने पहिल्या दिवशी १ सेकंदावर अर्ध्यातच श्वास सोडला. दोनशेच्या आसपास वेळा रिकामे चालवल्यावर ३१० चौकटी आल्या, म्हणजे साधारण १.३ सेकंद. निगेटिव्ह फिल्म एवढी चूक सहज पोटात घालते. १/१०० आणि त्यापुढचे वेग या रीतीने मोजता येत नाहीत, त्यांचा निकाल फिल्मवरच लागतो.

१४/
एक सावधगिरी. अशा शटरवर स्वतःचा फोटो काढण्यासाठी विलंबाची छोटी दांडी असते. जुन्या शटरमध्ये ती दाबण्याचा मोह टाळावा. ते यंत्र बहुतेकदा सर्वांत जास्त सुकलेले असते. ते मध्येच अडकले की पूर्ण शटर बंद पडते आणि मग घड्याळजीच्या तोडीचा कारागीर शोधण्याखेरीज गत्यंतर राहत नाही.

१५/
आता रोल. १२० च्या पाठीवरील काळ्या कागदावर आकड्यांच्या तीन रांगा छापलेल्या असतात : ८, १२ आणि १६ चौकटींसाठी. कॅमेऱ्याच्या पाठीला असलेल्या लाल खिडकीतून आपल्या आकाराची रांग वाचत रोल पुढे न्यायचा. खिडकी लाल का? जुन्या फिल्मला लाल प्रकाश जाणवतच नसे, म्हणून त्या रंगातून डोकावणे सुरक्षित होते. पुढे सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली आणि ती सुरक्षितता संपली. माझ्या कॅमेऱ्याच्या खिडकीवरचे सरकते झाकण ही त्या बदलाची खूण.

१६/
परीक्षा चौथी : फिल्मचा सपाटपणा. कॅमेरा झटक्याने उघडला की भाता फुगताना आतली हवा विरळ होते आणि फिल्म पुढे ओढली जाऊन मध्यभागी फुगते. चित्राचा मध्य अस्पष्ट येतो आणि दोष भिंगावर जातो. म्हणून नियम असा : आधी कॅमेरा सावकाश उघडावा, मग रोल पुढे न्यावा, म्हणजे ताण बसून फिल्म पुन्हा सपाट होते. अनेक जुन्या भिंगांची बदनामी अशा साध्या कारणांनी झालेली आहे.

१७/
चाचणीच्या रोलवर कलाकृती काढू नयेत. मी १०० संवेदनक्षमतेचा कृष्णधवल रोल घेतला आणि वहीत प्रत्येक चौकटीची नोंद ठेवली. भर उन्हात एफ १६ वर १/१०० हे मूळ परिमाण. मग तोच देखावा १/३०० वर, छिद्र तेवढेच मोठे करून. छिद्र पूर्ण उघडून विटांची भिंत. अनंतावर सिंहगड. पट्टीने मोजून २ मीटरवर वर्तमानपत्र. शेवटी भाता उघडा ठेवून दहा मिनिटे उन्हात उभा केलेला कॅमेरा आणि त्यानंतरची एक चौकट, छिद्रे खरोखर बुजली की नाही हे पाहण्यासाठी.

१८/
रोल धुऊन आला. बारापैकी दहा चौकटी स्वच्छ. पहिल्या चौकटीच्या कडेला प्रकाशाचा पट्टा, कारण मी लाल खिडकीचे झाकण उघडेच विसरलो होतो. अकरावीत एका कोपऱ्यात फिकट डाग : तीनपैकी एक छिद्र पुरते बुजले नव्हते. १/३०० वरच्या चौकटी थोड्या अधिक काळसर, म्हणजे वेग नावापेक्षा मंद. भिंतीच्या विटा मध्यभागी काटेकोर, कडांना किंचित सैल. आणि सिंहगडावरचा मनोरा? काठी-काठी मोजता यावी इतका स्पष्ट.

१९/
हे कसे शक्य झाले? ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ गुणिले ३६, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. या कॅमेऱ्याची चौकट सुमारे ५६ गुणिले ५६, म्हणजे ३१३६ चौरस मिलिमीटर. साडेतीन पटींहून अधिक क्षेत्रफळ. साधे तीन काचांचे भिंगही एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर उत्तम दिसते, कारण तिला कमी मोठे करावे लागते. १९२५ साली लायका बाजारात आल्यावर लहान फिल्मचा काळ सुरू झाला, पण घडीचे कॅमेरे त्यानंतरही तीन दशके टिकले ते याच हिशेबामुळे.

२०/
येथे धागा संपवता आला असता. परंतु हा कॅमेरा बनला त्या कारखान्याकडे पाहिल्याशिवाय परीक्षा पूर्ण होत नाही. आग्फा हे नाव 'अनिलिन उत्पादन भागभांडवल कंपनी' अशा अर्थाच्या जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांचे. मूळ धंदा रंगांचा, आरंभ १८६७ साली बर्लिनजवळ, संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोन यांचे चिरंजीव पॉल मेंडेल्सझोन बार्तोल्डी यांच्या पुढाकाराने. १९२५ साली ही कंपनी 'आय. जी. फार्बेन' या महाकाय रसायनसमूहात विलीन झाली. फिल्म वोल्फेनला बने, कॅमेरे म्युनिकला.

२१/
आय. जी. फार्बेन म्हणजे तोच समूह, ज्याने आउश्वित्झशेजारी मोनोवित्झ येथे कृत्रिम रबराचा कारखाना उभारला आणि तेथे छळछावणीतील कैद्यांना राबवले. युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे त्याच्या संचालकांवर खटला चालला आणि १९४८ साली १३ जण दोषी ठरले. आग्फाही यातून अलिप्त नव्हती. वोल्फेनच्या फिल्म कारखान्यात छळछावणीतून आणलेल्या स्त्रिया काम करत होत्या. म्युनिकच्या गीझिंग भागातील कॅमेरा कारखान्यातही तेच घडले.

२२/
सप्टेंबर १९४४ पासून तेथे डाखाउ छळछावणीची एक उपछावणी होती. सुमारे ५०० स्त्रिया : पोलिश, आणि नेदरलँड्समधून आणलेल्या, ज्यांपैकी अनेकजणी नाझीविरोधी प्रतिकारात पकडल्या गेलेल्या होत्या. त्यांना अपुऱ्या बांधलेल्या इमारतीत ठेवले जाई. कॅमेऱ्यांसाठी उभारलेल्या त्या कारखान्यात त्यांच्याकडून बॉम्ब आणि 'व्ही' अस्त्रांसाठी स्फोटाची वेळ साधणारी उपकरणे जुळवून घेतली जात. शटर काय आणि स्फोटाचे यंत्र काय, दोन्ही ठिकाणी लागते ते सेकंदाच्या अंशाचे अचूक काम.

२३/
जानेवारी १९४५ मध्ये जेवणातले सूप पातळ होत गेले आणि कामाचा कोटा वाढवला गेला, तेव्हा डच स्त्रियांनी हात थांबवले. छळछावणीच्या कैद्यांचा संप! याची शिक्षा मृत्यू असू शकते, हे त्यांना ठाऊक होते. पुढारी समजून त्यांच्यातील एकीला डाखाउच्या एकांत कोठडीत टाकले गेले. एप्रिलअखेरीस त्यांना दक्षिणेकडे पायी हाकण्यात आले. वोल्फराट्सहाउझेनजवळ अमेरिकन सैन्य पोहोचले आणि त्या सुटल्या.

२४/
माझा कॅमेरा त्यांनी जोडलेला नाही, तो त्यानंतरचा आहे. इतिहासात हा भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. पण ज्या कारखान्यात त्या राबल्या, त्याच कारखान्याने अवघ्या पाच-सात वर्षांत सहलीला नेण्याचे सुबक कॅमेरे जगभर पाठवले, आणि त्यांच्या माहितीपत्रकांत हसऱ्या कुटुंबांखेरीज काही नव्हते. १९५० च्या दशकातील जर्मनीच्या 'आर्थिक चमत्काराची' ही दुसरी बाजू. वस्तू स्वतःहून काही सांगत नाही. विचारणारा लागतो.

२५/
पुढचे थोडक्यात. वोल्फेन सोव्हिएत क्षेत्रात गेले. तेथील फिल्मला १९६४ पासून 'ऑर्वो' हे नाव मिळाले, जे भारतातील जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी अजून आहे. पश्चिमेकडील आग्फा त्याच वर्षी बेल्जियमच्या गेव्हार्टशी जोडली गेली. तिचा साधा 'क्लिक ३' कॅमेरा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने भारतात बनवला आणि तो असंख्य मराठी घरांत पोहोचला. तोही १२० चाच रोल घेई. आपल्या आजी-आजोबांच्या अल्बममधले पांढऱ्या कडेचे चौकोनी फोटो आठवून पाहा.

२६/
म्युनिकमधील कॅमेऱ्यांचे उत्पादन १९८० च्या दशकाच्या आरंभी थांबले. आग्फाची उंच इमारत २००८ साली पाडली गेली. शिल्लक राहिले ते असे कॅमेरे. माझा निकाल : भाता सदोष पण चालण्याजोगा, फोकस उत्तम, शटर किंचित संथ, भिंग समाधानकारक. तो मी वापरणार आहे. मात्र कोणी त्याच्या देखणेपणाचे कौतुक केले, की त्या पाचशे स्त्रियांची गोष्टही सांगणार आहे.

२७/
एक विनंती. घरातल्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी असा कॅमेरा असेल तर तो भंगारात देऊ नका. आधी अंधारात टॉर्च घालून पाहा. आत जुना रोल आढळला तर पाठ तशीच बंद करा आणि तो धुवून घ्या. चित्र उमटेलच असे नाही, पण उमटले तर ते दुसरीकडे कुठेही नसेल. आणि कॅमेरा कोणाचा होता, कोठून आला, हे सांगणारी माणसे घरात आहेत तोवर विचारून लिहून ठेवा.

धागा समाप्त. आपल्या घरातील जुन्या कॅमेऱ्याचे नाव खाली अवश्य लिहा. 🙏